झालेली हळद पुन्हा लावण्याच्या आदेशाविरुद्ध

प्रति,
मा. प्रकाशसाधन मान्यता अधिकारी,
खाडीकाठ लोकरीती छायासंग्रह कक्ष,
ठाणे.

अर्जदार : दक्षता गोमाजी मढवी, छायाचित्रकार, कळवा.

विषय : श्रीमती भागीरथीबाई यांचे छायाचित्र छोट्या फ्लॅशवर काढले म्हणून नामंजूर केल्याबाबत, व उरकलेली हळद स्टुडिओ स्ट्रोबच्या उजेडात पुन्हा करण्याच्या आदेशाबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे नामंजुरीचे पत्र, आणि तत्पूर्वी दूरध्वनीवर लाभलेले आपले मार्गदर्शन.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करते की, भागीरथीबाईंचे गाताना एक छायाचित्र काढून द्यावे, एवढेच काम आपल्या कक्षाने तिच्यावर सोपवले होते. भागीरथीबाई या गावच्या धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हणतात त्या. त्यांनी तोंड उघडल्याशिवाय गावात कुणाच्या अंगाला हळद लागलेली नाही. आता दम पुरत नाही, म्हणून गावातल्याच भिवा यांची मुलगी करिश्मा हिची हळद आपली शेवटची, असे त्यांनी सर्वांना सांगून ठेवले होते. म्हणजे छायाचित्राची संधी एकच होती. हे कक्षास लेखी कळवले होते, आणि कक्षाने ते नेहमीप्रमाणे वाचले नव्हते.

२. कक्षाच्या मान्य यादीत फक्त स्टुडिओ स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओतले लखकन उडणारे मोठे दिवे, आहेत. अर्जदार स्ट्रोबला नावे ठेवत नाही. तिच्या स्वतःच्या दुकानात ते आहेत आणि कुटुंबाचे फोटो, दागिन्यांचे फोटो ती त्यांच्यावरच काढते. त्यांचा उजेड भरपूर, ते लवकर दमत नाहीत, आणि आतला दिवा लावून ठेवला की सावली कुठे पडणार हे आधीच दिसते. पण त्यांना भिंतीतला प्लग लागतो, स्टँड लागतो, उजेड पसरवायला छत्री लागते, आणि बसवले तिथे बसून राहणारा माणूस लागतो. फ्लॅश त्यामानाने गरीब. उजेड बेताचा, सेल खातो, चार फोटो झाले की धाप लागते. मात्र तो तळहातावर मावतो आणि माणूस जाईल तिकडे जातो. तेव्हा लग्नघराने दिव्याभोवती फिरायचे की दिव्याने लग्नघराभोवती, एवढाच निर्णय महोदयांना करायचा होता. त्यावर महोदय म्हणाले, “मोठा लाइट लावला की कामाला वजन येतं.” फ्लॅश हे हौशी पोरांचे खेळणे आहे, असेही महोदयांचे मत पडले. महोदयांनी आजवर कोणता दिवा स्वतः उचलला आहे, हे अर्जदारास ज्ञात नाही.

३. त्यानंतर कक्षाने भागीरथीबाईंनाच डोंबिवलीच्या एका स्टुडिओत बोलावून घेतले. राखाडी पडद्यापुढे स्टुलावर बसवले, दोन्ही बाजूंनी छत्र्या लावल्या आणि धवला म्हणा, अशी आज्ञा केली. लग्नघर नसेल तिथे त्या धवला म्हणत नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “नवरी कंची?” नवरीची तरतूद कक्षाने केलेली नव्हती. भागीरथीबाईंनी तोंड मिटले ते कळव्याला येईपर्यंत उघडले नाही. छायाचित्र आले. लुगड्याचा धागा न् धागा दिसतो, आणि चेहरा बँकेत केवायसीसाठी ताटकळलेल्या बाईचा. त्यावर कक्षाचा शेरा : ‘प्रकाश उत्तम. भाव अप्राप्त.’ हा शेरा लिहिणाऱ्याचे अर्जदारास मनापासून कौतुक वाटते.

४. मग हळदीच्या संध्याकाळी कक्षाचे स्ट्रोब टेम्पोतून मांडवात आले. वजन आले ते असे. बायका जिथे नवरीभोवती उभ्या राहतात, नेमके तिथेच स्टँड रोवण्यात आले. करवलीचा पदर एका स्टँडमध्ये अडकला. धवलारणीने नवरीकडे न बघता छत्रीकडे बघावे, असे कक्षाच्या माणसाने सुचवले, आणि त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. त्याने स्ट्रोबच्या वायरी डीजेच्या बोर्डात खुपसल्या. पहिला झगमगाट झाला आणि अख्ख्या मांडवाची वीज गेली. डीजे बंद पडला. त्यामुळे डीजेच्या दणक्यात कुणाला ऐकू आला नसता तो धवला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. आपल्या स्ट्रोबने बजावलेली ही एकमेव सेवा असून तिची नोंद व्हावी.

भागीरथीबाई अंधारात थांबल्या नाहीत. समई तेवढी जळत होती. अर्जदाराच्या पर्समध्ये दोन फ्लॅश होते. एक तिने रुमालाने मांडवाच्या खांबाला बांधून वरच्या पांढऱ्या कापडाकडे वळवला, दुसरा हातात धरला आणि बटण दाबले. त्या छायाचित्रात भागीरथीबाईंचा हात करिश्माच्या पिवळ्या गालावर आहे, तोंड उघडे आहे आणि डोळे पोरीवर आहेत. अर्जदाराने लग्ने पुष्कळ काढली, पण स्वतःच्या फोटोपुढे ती कधी रडली नव्हती. हा फोटो बघताना ती रडली. ही बाब तांत्रिक नाही, तरी सादर केली आहे.

५. त्यावर आपले पत्र आले की, यादीबाहेरचे साधन वापरल्याने छायाचित्र अमान्य. सबब ‘सदर विधी मान्य साधनाच्या प्रकाशात पुनश्च पार पाडून’ छायाचित्र सादर करावे. करिश्माचे लग्न दुसऱ्याच दिवशी लागले आणि ती आता ठाकुर्लीला सासरी नांदते. तिला पुन्हा हळद लावायची तर आहे तो नवरा आधी रद्द करावा लागेल. ते काम आपल्या कक्षाकडे येते की दुसरीकडे अर्ज करावा लागतो, हे कळवावे. तिच्या सासूने पत्र वाचून, सून परत पाठवायची आहे का, अशी चौकशी केली. भिवा यांनी काय म्हटले ते अर्जात लिहिण्याजोगे नाही. भागीरथीबाईंनी गाणे थांबवले आहे आणि दिलेला शब्द त्या फिरवत नाहीत. शब्द फिरवायला त्या काही कक्ष नव्हेत.

६. आता असे समजते की, कक्षाने अडचणीतून मार्ग काढला आहे. डोंबिवलीतल्या एका मॉडेलला हिरवे लुगडे नेसवून, केसांना पांढरा रंग फासून, स्ट्रोबच्या उजेडात तोंड उघडायला लावले आहे. तो फोटो ‘धवलारीण भागीरथीबाई’ या नावाने संग्रहात छापला जाणार आहे. अर्जदाराला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. ती भागीरथीबाईंना सांगायला गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “लावा तिचा फोटू, माजा काय जातंय. पन नाव माजा लावलाव, तं पुढचे हलदीला तिलाच पाठवा. पोरी हलद लावून वाट बगत बसतील.”

७. सबब विनंती की, भागीरथीबाईंचे खरे छायाचित्र आहे तसे मंजूर करावे. ते जमत नसेल तर त्या मॉडेलच्या फोटोखालचे त्यांचे नाव तरी काढावे. दोन्ही जमत नसेल, तर गावात पुढची हळद ठरली की कक्षास आमंत्रण येईल. महोदयांनी मॉडेलला घेऊन स्वतः मांडवात उभे राहावे आणि बायका गप्प झाल्या की धवला सुरू करावा.

आपल्या यादीत न बसणारी, तरीही नम्र,

(सही)
दक्षता गोमाजी मढवी

ठिकाण : कळवा
दिनांक : १२ मे २०२५

सोबत :
१. नामंजुरीच्या पत्राची प्रत.
२. छायाचित्राची मोठी प्रत जोडलेली नाही. ती करिश्माने ठाकुर्लीला नेऊन देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. तपासणीस यायचे असल्यास चपला बाहेर काढून यावे.