प्रणालीची सुई आणि सगळ्यांचे सल्ले

चांदूर बाजार

श्रीमान पंजाबराव व्याही यांना खुशालरावचा रामराम.

तुमचा खोकला बसला काय? विहीणबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो काय? गोपालची दाढ काढली की अजून लवंगेवरच भागवून राहिला? म्हैस व्याली असेल. आमच्याकडे सगळे बरे आहेत, एक तुमची लेक सोडून. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून तिची हकीकत पत्रात लिहून राहिलो.

प्रणालीचं वजन वाढलं, मागून शुगर निघाली. तेव्हा शेजारच्या माणिकबाई आल्यागेल्याला सांगत, की खुशालरावची सून चालत नाही, नुसती हलते. अमरावतीच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक सुई लिहून दिली. शुगर ताब्यात आली, भूक निम्म्यावर आली, पाच महिन्यांत अकरा किलो उतरले. मला वाटलं, आता लोक गप्प बसतील. पण लोकांना तेवढी फुरसत कुठं. (जे कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर गाडीला किक मारून जातात, तेच तिला सांगू लागले, की सुई सोड अन् पायी फिर.)

मग महालक्ष्म्यांना माणिकबाईंनी तिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, आणि नको म्हटलं की जास्तच वाढायची त्यांची रीत. पोरीनं दीड पोळी कशीबशी खाल्ली, बाकीचं पानात राहिलं. सवाष्णीनं पान टाकलं म्हणजे स्वयंपाकाला नाव ठेवल्यासारखं झालं. ते माणिकबाईंनी माझ्यावर ढकललं. म्हणे सासरा सुनेला पोळ्या मोजून देतो.

ही बातमी एसटीच्या आधी तुमच्या बार्शीटाकळीला पोचली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही लाडवांचा डबा घेऊन माझ्या ओसरीत उभे. "माह्या पोरीले उपाशी ठेवून राहिले काय?" असं तुम्ही चारचौघांत विचारलं. मी राग धरला नाही, बापाचा जीव आहे. पण सुईचं कळलं तसे तुम्ही तिच्याकडेच वळले. "बारीक व्हायले सुई काहून लागते? हातपाय मोडले काय तुहे?" व्याही, अर्धा कप चहा होईपर्यंत मी कसाई होतो, उरलेल्या अर्ध्यात तुमची लेक आळशी झाली. (बीपीची गोळी तुम्ही वीस वर्षं खाता. तुम्हाला कोणी म्हटलं नाही, की गोळी सोडा अन् राग आवरा.)

त्या दिवसापासून तिनं सुई बंद केली, डॉक्टरांना न विचारता. पाच आठवडे झाले. शुगर पुन्हा तीनशेवर गेली आहे, पायऱ्या चढताना दम लागतो. नवरा म्हणून आमच्या नितेशनं समजावलं, डॉक्टर रागावले. तिचं एकच उत्तर, "बाबा म्हणे ते खरंच हाय."

आपला,
खुशालराव

ता. क. या रविवारी तुम्ही स्वतः या. तिच्यासमोर एवढंच म्हणा, की माह्यं चुकलं, डॉक्टरले विचारून सुई सुरू कर. तुमच्या शब्दावर बंद केली, तुमच्याच शब्दावर घेईल.

पुन्हा ता. क. तुम्ही म्हणाल, एवढी अक्कल शिकवणारा सासरा स्वतः काहून सांगत नाही. सांगितलं. पण माझं ती काहून ऐकेल? दवाखान्यातून परत येताना, भर ऑटोत, चार अनोळखी माणसांदेखत, "सुई कायले पाहिजे पोरी, पहाटे उठून चाललं तं होत नाही काय?" असं सगळ्यात आधी मीच म्हटलं होतं. तेव्हा माफी आपण दोघं मिळूनच मागू. एकट्यानं मागायची माझी हिंमत होत नाही. कोणत्या गाडीनं येता, तेवढं लवकर लिहून कळवा.