रेषेशेजारची टिंबं

२ मार्च
नळी सरकवली आहे! फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात, तिसऱ्या खळग्यात ठेवली होती. चौथ्यात सापडली. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच — मी आणि सरांची भाची. जूनपासून नोकरीची जागा एकीलाच.

३ मार्च
नळीतलं प्रथिन म्हणजे शरीराच्या रक्षणव्यवस्थेचा हुकूम, जीवाणूंकडून बनवून घेतलेला. रोगट पेशीला गाठून सांगतो — मर. ती आतल्या आत स्वतःची आवराआवर करते, तुकडे होऊन संपते. काल रोगट पेशींच्या बशीत दोन थेंब घातले, आज बशी साफ.
याचं श्रेय भाचीला हवंय. सारखं ताई, ताई. केसाने गळा कापेल.

४ मार्च
ती यायच्या आत नळी बाहेर काढली. गोठलेली पातळी नीट दिसेना. मुठीत धरून वितळवली, पेनाने रेष मारली, परत ठेवली. मिनिटभराने काय होतंय? उद्यापासून रोज असंच वितळवून पाहायचं. पाहिलं की रेषेशेजारी एक टिंब.

७ मार्च
रेषेवरच.

९ मार्च
रेषेवरच. तरी काल घातलेल्या थेंबांनी पेशी मेल्या नाहीत! बशीला चिकटून, गुबगुबीत, मजेत. मग उमगलं — चोरते, आणि तेवढंच पाणी भरते.

११ मार्च
आज बाईसाहेब मला शिकवायला आल्या. "ताई, ही नळी वितळून पुन्हा गोठलेली दिसतेय. दर वेळी जोर कमी होतो. तुम्हीच सांगितलं होतंत."
माझाच धडा मला! चोराच्या उलट्या बोंबा. सरळ सरांकडे गेले, पाण्याचं सांगितलं. त्यांनी तिला बोलावलं. ती नाही म्हणाली, मग रडली. सख्खा मामा, पण कागदांवरून मान वर केली नाही.

१३ मार्च
तिचं टेबल रिकामं. जाताना माझी पिपेटं पुसून ओळीत लावून गेली. नाटकं.

१६ मार्च
नवी नळी आली. आल्या आल्या वापरली. जुनीतले थेंब शेजारच्या बशीत, सरांना फरक दाखवायला.

१७ मार्च
नव्या नळीच्या बशीत एकही पेशी उरली नाही. जुनीच्या बशीत सगळ्या जिवंत. सर म्हणाले, जूनची जागा तुमची. जुनी नळी तपासणीला पाठवा म्हणाले, पाणी निघालं तर भाचीच्या आईला तरी सांगता येईल.
पाठवायला उचलली. रेषेशेजारी सात टिंबं.
पाठवली नाही. पर्समध्ये आहे.