न जळणारी भुकटी

पुणे, एप्रिल १९८५

जळकोटच्या बानूबाईस थोरल्या बहिणीचा लई आशीर्वाद. म्या बरी हाय. पत्र लिहिणारा माझा नातू बिराप्पाच सुकलाय.

प्रयोगशाळेत तो हायड्रोजनपास्नं वीज करतो. त्यात प्लॅटिनमची भुकटी विरजणागत थोडीच असती. सोता जळत न्हाय, नुसतं काम घडवती. पर हळूहळू तिचे कण चिकटून गोळे होत्यात आन् वीज मंदावती.

म्या म्हणलं, "मुडद्या, न जळता राबणारंबी थकतंय. आजी बघितली न्हाईस व्हय?"

तवा तो रडला. माझ्या दुखण्याचं डॉक्टर काय बोलला ते सांगत न्हाय, म्हंजी मला कळलंच. हेबी दटावून लिहून घेतलंय.

दुष्काळात म्हैस दूध देती का? चमचाभर मिळालं तरी तुझ्याकडं ठिवलेलं माझं विरजण जगव. आता ते तुझंच.

तुझी आक्का गजरा
(अंगठा)