पाळकसाहेबांची पाटी

२ जून

ती. आक्कास,

सप्रेम सलाम, वि. वि.

घाबरू नकोस, पण माझ्या घशात गाठी आल्या आहेत. सहा आठवडे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, अशी डॉक्टरांची तंबी आहे. पाळकाने बोलायचं नाही तर करायचं काय? चर्चच्या मंडळीच्या काळजीने माझं वजन उतरलंय. बायकोच्या मते उतरलेलं नाही.

तरी ही आध्यात्मिक नवजीवनाची संधी मानून मी वेळापत्रक आखलंय. पाच ते सहा चिंतन, सहा ते सात आत्मपरीक्षण, मग न्याहारी. पहिल्या दिवशी आत्मपरीक्षण दहा मिनिटांतच संपलं. फारसं काही सापडलं नाही.

घरात मी पाटीवर लिहून बोलतो. लिहीन त्याला बायको हो म्हणते, एकतीस वर्षांत प्रथमच. मौनाची ताकद बघ.

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारा,
धाकटा भाऊ

९ जून

चि. भोंग्यास,

अ. उ. आ.

लहानपणी तुझ्या आवाजाने शेजारचं तान्हं दचकून उठायचं, म्हणून तर हे नाव पडलं. शेवटी घशानेच संप पुकारला म्हणायचा. मंडळीचं मनावर घेऊ नकोस. ती तुझ्याआधी होती, नंतरही राहील.

पण बायको सगळ्याला हो म्हणते? माझ्या भावजयीला मी ओळखते. कुठेतरी पाणी मुरतंय. पाटी खाली ठेव आणि तिच्याकडे नीट बघ. त्याला घसा लागत नाही.

रागावले तरी तुझीच,
आक्का

२५ जून

ती. आक्कास,

स. सलाम.

रविवारी चर्चमध्ये माझ्याऐवजी शाळामास्तरांनी माझा जुना उपदेश वाचला आणि मी पहिल्यांदाच बाकावर बसून तो ऐकला. पाऊण तास गं! दुसऱ्या मुद्द्याला माझा डोळा लागला. शेजारी बसलेल्या मंडळीच्या खजिनदारांनी कोपराने ढोसून उठवलं, आणि उघड्या डोळ्यांनी झोपणं सरावाने जमतं, असं कानात सांगितलं.

जेवणाआधीची प्रार्थना आता बायकोला करावी लागते. रोज एका ओळीत उरकायची. काल मात्र थांबली, आणि देवाला म्हणाली की पाटीवरचं एकही अक्षर दिसत नाही, दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेत, ऑपरेशनची भीती वाटते आणि यांना कसं सांगावं कळत नाही. मी समोर आहे हे ती विसरली असावी. आवाज नसला की मी घरात नसतोच बहुतेक.

तीन आठवडे मी पाट्या भरभरून तिला उपदेश केला. काल मला त्याची लाज वाटली. आज सकाळी आत्मपरीक्षणाला तास पुरला नाही.

तुला हे माहीत होतं का?

तुझा भाऊ

१ जुलै

चि. भोंग्यास,

अ. उ. आ.

होतं. उन्हाळ्यात इथे आली तेव्हाच बोलली. ऑपरेशन आधी तुझ्या शिबिरासाठी पुढे ढकललं, मग तुझ्या वार्षिक सभेसाठी. डॉक्टर आता थांबू नका म्हणतात. नजर कायमची जाईल.

तुला का सांगितलं नाही? गेल्या वर्षी तिचे गुडघे दुखले, तर तू ते उपदेशात घेतलेस, तीन मुद्द्यांत. डोळ्यांचं तसं व्हायला नको होतं तिला.

आता काही लिहू नकोस. तिचा हात धर आणि दवाखान्यात घेऊन जा.

आक्का

१८ जुलै

ती. आक्कास,

स. सलाम.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर तिने मला निरखून पाहिलं आणि किती म्हातारे झालात म्हणाली. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात.

ऑपरेशनच्या सकाळीच मला बोलायची परवानगी मिळाली होती. तिला आत नेण्याआधी तिने मला प्रार्थना करायला सांगितली. माझी तयार होती, चांगली लांबलचक. पण मी नुसता तिचा हात दाबला. ती समजली. तिनेच केली, अडखळत, भीती न लपवता. मी देवाचं इतकं काम केलं, पण तो इतका जवळ बसलेला मला कधी जाणवला नव्हता.

तिचं संपलं आणि मी आमेन म्हटलं. माझा आवाज ऐकून तिला रडू आलं. एकतीस वर्षं ती माझ्या प्रार्थनांना आमेन म्हणत आली. तिच्या प्रार्थनेला मी म्हटलेलं हे पहिलं.

तुझी माया आहेच, ती अशीच कान उपटत राहो.

तुझा,
भोंग्या