दक्षिणेची खिडकी

कांप दे मास्क, ६ जून १८५८

घर झालं एकदाचं! समुद्रापारच्या या बेटावर जहाजातून उतरल्यापासून बराकीत कोंबलेले होतो. पण मळ्याच्या फ्रेंच मालकाला माझं सुतारकाम पसंत पडलं आणि उसाच्या कडेला घरापुरती जागा मिळाली. चंद्रावतीची अट एकच: निजल्या जागेवरून आभाळ दिसलं पाहिजे. जहाजाच्या पोटात आभाळावाचून राहिली, तेव्हापासून बंद जागेत बायकोचा जीव घाबरा होतो. त्यात दिवस भरत आलेले. म्हणून दक्षिणेला ही भली मोठी खिडकी काढली. आमच्या गुहागरात थंडीचं ऊन दक्षिणेकडूनच घरात शिरतं, बापानेच शिकवलंय. इथे थंडी जूनमध्ये पडते, एवढाच फरक. आजही ऊन शिरलं, थेट बाजेपर्यंत. स्वतःवर बेहद्द खूश आहे मी.

१३ जून

शेजारचे बाबूराव घर बघायला आले. मूळचे साताऱ्याकडचे, इथे मुरलेले. बाहेरूनच खिडकी पाहून पोट धरून हसले. म्हणाले, "आरं लक्षुमणा, हितं थंडीत सूर्य उत्तरंनं चालतो. दुपारी आपली सावली बघ की! ह्या खिडकीत ऊन यायचंच न्हाई." मी म्हटलं, आत तर या. आत ऊन पडलेलं होतं. त्यांचं हसू मावळलं. इथल्या बोलीत 'बोंद्ये' असं देवाचं नाव पुटपुटले आणि पाणीसुद्धा न घेता गेले.

१४ जून

दुपारी सावली पाहिली. दक्षिणेकडे पडते. घराला वळसा घातला. खिडकीची भिंत सावलीत, खालचं गवत अजून ओलं. आत येतो तो खिडकीभर ऊन, आणि त्याला ऊबही आहे. मला भीती वाटते. चंद्रा मात्र खिडकी लावू देत नाही. म्हणते, इथे बसलं की बाळ शांत राहतं.

१९ जून

शांत नव्हे, बाळ हलतच नाही. बाबूरावांची बायको सुईणपण करते. तिने पोटावर हात ठेवला आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, हिला इथून हलव. वळून पाहिलं. चंद्रा उन्हात बसली होती. तिची सावली खिडकीच्याच दिशेला पडली होती.

२० जून

खिडकीला फळ्या ठोकल्या, दुहेरी. ऊन तसंच येतंय. फळ्यांतून —

चंद्राला उचलून बाबूरावांकडे नेलं. रडत होती, शिव्या घालत होती. आमचा उंबरा ओलांडला मात्र, नि बाळ हललं! कळाही सुरू झाल्या. देव पावला.

त्याच दिवशी

सुईणीला जुनी लुगडी हवीत म्हणून धावत घरी आलो. गाठोडं उचललं, वळलो. दार नाही. उत्तरेला मीच बसवलेलं. तिथे खिडकी आहे. पूर्वेलाही. चहूकडे आभाळ —

हाका मारून घसा बसला. कुऱ्हाड चालवली. उन्हातून नुसती जाते —

बाळ रडलं. माझं बाळ. इतकं स्पष्ट —

बाबूराव बाहेरून ओरडताहेत, लक्षुमणा, लेक झाली, कुठं हायस! दार वाजलं. दार मला दिसत नाही, ते दिसतात. आत आले. माझ्यासमोर उभे. मी त्यांचा दंड घट्ट धरला. त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला आणि मागे वळून आपल्या घराकडे, बायकोला ओरडून म्हणाले, हितं कुनीच न्हाई गं, नुस्तं ऊन —