रॉकेलची गरज उरलेली नाही

कारवीटेप,
११ मार्च २००१

सौ. सुषमाताईस शंभूचा सा. न. वि. वि.

इकडं समदं बेस हाय. संस्थेच्या मंडळींनी सोलर दिव्यांचं सामान खालच्या गावात टाकलं, पुढं डोंगरावर आम्हीच डोक्यावरनं चढवलं. नऊ घरं, नऊ दिवे. आबा म्हणत असतील, बिनपगारी रजा टाकून पोरगं येडं झालं. त्यांना सांग, कुरकुंभच्या प्लँटात धा वर्सं वायरी जोडल्या, पण बटण दाबलं म्हणून तिथं कवा कुणी रडलं न्हाई. हितं कस्तुराबाई रडल्या. मी त्यांच्याच घरी उतरलोय. धनगरच, पण आपल्यावानी मेंढरं न्हाईत, म्हशी. लेक मल्हार, सून रंगू. रंगूला चौथा महिना हाय.

तीन दिस ऊन न्हाई पडलं तरी दिवा चालंल, एवढी बॅटरी मी हिशेबानं बसवली. आपल्या दौंडात सलग तीन दिस ऊन न्हाई, असं कवा झालंय?

संस्थेला अहवाल पायजे, एक प्रत तालुक्याच्या ऑफिसला. माझं लिखाण तुला म्हाईत हाय. खाली सही करून कोरा कागद धाडतोय. नऊ दिवे लागलं, चालत्यात, एवढंच लिव. लोभ असाच राहू दे.

तुझा शंभू

शिरूर,
२४ मार्च २००१

चि. शंभूस अनेक आशीर्वाद.

अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढता वाढता तुझं पत्र वाचलं अन् एकटीच हसले. 'नऊ दिवे लागलं' काय रे? दहावीला मराठीत तुला पास कुणी केलं? आबा दौंडात भेटेल त्याला सांगतायत, आमच्या शंभूनं डोंगरावर दिवे लावले. कौतुक म्हणून सांगतायत की टोमणा मारतायत, तेच कळत नाही.

अहवाल दोन्हीकडं पाठवला. शेवट माझ्या मनानं केलाय: 'कारवीटेप आता पूर्णपणे प्रकाशमान झाले असून ग्रामस्थांना रॉकेलची गरज उरलेली नाही.' तुझे दाजी म्हणाले, हे भाषण वाटतंय. वाटू दे. भावाचं काम आहे, चार शब्द चांगले घातले तर बिघडलं काय?

रंगूला म्हणावं, लोहाच्या गोळ्या चुकवू नको. तब्येतीला जप, माया आहेच.

सुषमाताई

कारवीटेप,
१९ जुलै २००१

सौ. ताईस सा. न. वि. वि.

दिवे बंद पडल्याचा निरोप आला म्हणून परत वर आलोय. एकवीस दिस झालं, ऊन म्हणून न्हाई. ढग घरात शिरत्यात. मी दौंडाचं ऊन धरून हिशेब केला, ताई. चौथ्या दिशी नऊच्या नऊ दिवे गेलं.

लोक म्हणलं, असू द्या, पाऊसकाळ रॉकेलवर काढू. रेशनला गेलो तर मे महिन्यापासनं कारवीटेपचं रॉकेल बंद. ऑफिसात साहेबांनी तुझा अहवाल काढला आन् शेवटच्या वळीवर बोट ठेवलं. म्हणले, तुम्हीच लिहून दिलंय. खाली माझी सही.

बाजारात दोन दिस हिंडलो, कार्डाबिगर थेंब मिळंना. वढा वलांडताना टॉर्च पाण्यात गेली. आता वढा दोन पुरुष चढलाय, डोली उतरत न्हाई. रंगूचं दिस भरत आलं. सुईण म्हंजी कस्तुराबाईच. दार लावलं की दुपारी बी घरात काय दिसत न्हाई. तुपाची पणती लावत्यात, तिच्यात टीचभर उजेड.

म्हस्कू नावाचा पोहणारा गडी हे पत्र खाली नेतोय. कसा बी अर्ज कर, पण रॉकेल सोडायला लाव.

शंभू

शिरूर,
२८ जुलै २००१

चि. शंभूस आशीर्वाद.

ते वाक्य माझं आहे, तुझं नाही. तीन अर्ज टाकले. चौथा घेऊन स्वतः त्या ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, आधीचा अहवाल खोटा होता असं संस्थेनं लिहून द्यावं, मग पाहणी होईल. कधी म्हणून विचारलं, तर म्हणाले, पाऊस उघडल्यावर. मी म्हटलं, पाऊस उघडल्यावर दिवे लागतीलच की. त्यांनी पुढची फाइल ओढली.

रॉकेलचा कॅन कंडक्टर एसटीत चढवू देईना. सेल, टॉर्च अन् मेणबत्त्या पार्सल केल्यात. वरपर्यंत येईल का रे? शिरूरला लख्ख ऊन आहे. अंगणात वाळवण घालायची मला लाज वाटते. रंगूला खाली आण, काही कर, पण आण.

तुझी ताई

कारवीटेप,
२२ ऑगस्ट २००१

सौ. ताईस नमस्कार.

पार्सल काल पोचलं, बांधलेलं तसंच पडलंय.

रंगू गेली. तेरा तारखेला दुपारी चारला मुलगी झाली. रडली तशी आम्ही दाराबाहीर हसलो. आत कस्तुराबाईंनी नाळ कापाया पणती पोरीकडं घेतली व्हती. रंगू म्हणली, थंडी वाजतीया. आतनं घोंगडं मागितलं, मी दिलं. परत मागितलं, परत दिलं. काळ्या घोंगड्यावर रगात दिसत न्हाई, ताई. मल्हार तिला बसती कराया आत गेला, त्याचा हात वला झाला, तवा कळलं. मला वायर जोडता येती. दुसरं काय येत न्हाई. मी उभा राहिलो.

मला कुणी बोललं न्हाई. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तू मनाला लावून घेऊ नको, असं लिवणार व्हतो. पण मी लावून घेतलंय, मग तुला कुठल्या तोंडानं सांगू?

आज ऊन पडलं. दिवसभर पडलं. बटण चालूच राहिलेलं, त्यामुळं दिवस कलताना दिवा आपसूक लागला. घरात कुणी हललं न्हाई. मग कस्तुराबाई उठल्या आन् नातीला दिव्याखाली धरली. नऊ दिसांत पोरीचं तोंड कुणी धड बघितलंच नव्हतं. त्यांनी लई वेळ बघितलं.

म्हणल्या, "आईवर गेलीया."

माया असू दे.

शंभू