माझ्या खोलीतला डबा

सोमवार, ३ तारीख
आला! नातीच्या ऑफिसचा काळा डबा माझ्या खोलीत आला. म्हणे घरात हीच खोली गार. डबा तापतो ना, त्याला गारवा हवा! माणसापेक्षा लोखंडाचे लाड. दिवसभर घूं घूं. मेला माझ्या नवऱ्यासारखा घोरतो. त्याला निदान कोपराने ढोसता यायचं.

मंगळवार, ४
नातीला विचारलं, यात भरलंय काय? म्हणाली, "सॉफ्टवेअर, आजी. क्लाउडमध्ये नवं यंत्र उभं करायचं की ते लांबच्या कोठारातून आणावं लागतं. दर वेळी तेच हेलपाटे. म्हणून अख्ख्या कोठाराची नक्कल इथे."
एवढं मला कळतं. चिमूटभर मिठासाठी रोज बाजार गाठणारी बाई बिनडोकच.
"रोज सकाळी डबा कोठाराशी ताडून बघतो. तिथे नवं आलं की इथे घेतो, तिथून काढलं की इथलंही टाकतो."
म्हणजे स्वतःची अक्कल नाही!
शुक्रवारी साहेबांसमोर चाचणी, असे डबे घरी नेलेल्या सगळ्यांची. चाळीस यंत्रं याच डब्यातल्या मालावर उभी करायची. "जमलं तर अजून दोन डबे येतील, आजी. तुझी खाट बैठकीत घालू."
माझी खोली! आणि नाही जमलं तर?
"तर हाही परत."
बरं.

बुधवार, ५
नात आज-उद्या ऑफिसात. दुपारी प्लग काढला.

गुरुवार, ६
काय झोप लागली! सून खोली झाडून गेली. डबा गप्प, ही त्याहून गप्प. डोळे असून दिसत नाही, असली ही. लग्न होऊन आली तेव्हापासून अशीच.

शुक्रवार, ७
सकाळी बोंबाबोंब. डबा बुधवारपासून बंद! "प्लग कोणी काढला?" मी नखं कापत बसले.
सून म्हणाली, "झाडताना निघाला असेल माझ्याकडून."
नात आईला वाट्टेल ते बोलली. "घालवलीस माझी नोकरी!" सुनेचे डोळे भरले. बावळट! न केलेलं अंगावर घेते. मी दुसऱ्या हाताची नखं घेतली.
चाचणी अकराला. राहिलेला माल उतरवायला पाच-सहा तास— वेळ कुठला? डबा लावला आणि चाचणी जुन्याच मालावर चालवली. मी मनात म्हटलं, पड आता!
दुपारी नात नाचत बाहेर! काल कोठारात आलेला नवा माल सडका निघाला, आणि चांगला जुना त्यांनी काढून टाकलेला. बाकीच्यांच्या डब्यांनी मुकाट तेच केलं. सगळ्यांची यंत्रं आडवी. आमची चाळीसच्या चाळीस उभी!
नात आईच्या गळ्यात. "चुकले गं, तुझ्यामुळेच वाचले!" माझा जळून कोळसा. केलं मी, लाड तिचे— आणि बोलायची सोय नाही!

शनिवार, ८
जेवले नाही. कोणी विचारलं नाही. सुनेने दोनदा विचारलं. तिला मोजत नाही मी.

सोमवार, १०
दोन डबे आले. खाट सुनेने बैठकीत ओढली, मी नुसती उशी धरून मागे. माझ्या हातातली उशी घेऊन खाटेवर ठेवत हळूच म्हणाली, "बुधवारी मी दारातच होते, आई."